इतिहासाचं काम कपाटात पडून राहतं ते या चुकांमुळे

"एवढा एक रुमाल पाहिला की लिहायला बसतो." हे वाक्य मी सात वर्षं म्हणत होतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, हजारोंनी आहेत. आयुष्य सरेल, दफ्तर सरायचं नाही. मूळ चूक विषय धरण्यात असते. 'आमच्या गावाचा इतिहास' म्हटलं की कुठलाच कागद नको म्हणवत नाही. 'आमच्या गावच्या पाटीलकीचा तंटा' एवढंच धरा. निम्मे कागद आपोआप बाजूला पडतात.

दुसरी चूक, अडलेल्या शब्दाशी कुस्ती. मोडीत, म्हणजे या जुन्या कागदांच्या लिपीत, शब्द तोडून लिहायची रीत नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, त्यात कसरीनं पाडलेली भोकं. एका महजरातल्या, म्हणजे जुन्या निवाड्याच्या कागदातल्या, मळ्याच्या नावावर मी अख्खा पावसाळा घालवला. मधलं अक्षरच खाल्लेलं. एक जाणकार म्हणाले 'वडाचा मळा', दुसरे म्हणाले 'वाण्याचा'. अहो, तंट्याच्या निकालाला त्यानं काडीचा फरक पडत नव्हता! शेवटी दोन्ही वाचनं कंसात दिली, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि सुटलो.

तारखांना मात्र ही सवलत नाही. या कागदांत वर्ष अरबी आकड्यांच्या शब्दांत येतं, सुहूर सन या जुन्या कालगणनेत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे सुहूर सन 1161. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1760 येतं. पण हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांसाठी 600 मिळवायचे. हे विसरलात तर 14 जानेवारी 1761 चं पानिपत तुम्ही वर्षभर आधीच लढवून मोकळे! जंत्री, म्हणजे तारखांच्या मेळाचं पुस्तक, उघडली की पाच मिनिटांत सुटणारी चूक आहे ही.

रुमालाचा क्रमांक लगेच टिपून ठेवा. नाहीतर तळटिपांसाठी पुन्हा सगळ्या वाऱ्या.

आणि 'छापलं की चूक कायमची' ही भीती. शिवजन्माचं साल 1627 असं कितीतरी पुस्तकांत होतं. 1916 मध्ये टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार घटनांची जुनी नोंद, प्रसिद्ध केली, तेव्हा 1630 पुढे आलं आणि वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. म्हणून काही आधीची पुस्तकं कुणी रद्दीत घातली नाहीत. उलट इतिहासकार शेजवलकरांचं पाहा. पानिपतावरचं त्यांचं पुस्तक 1946 मध्ये आलं. शिवचरित्र मात्र राहिलं; 1963 मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी छापले गेले ते संकल्पित चरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधनं. चरित्र वाचायला मिळालं नाही याची हळहळ मला आजही वाटते.

माझी पुस्तिका अखेर निघाली, 64 पानांची. गावात वाटली तेव्हा एका आजींनी नातवाकडून ते पान वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "अवो, वाण्याचाच मळा त्यो. औंदा भुईमूग हाय की आमचा तिथं."