फिट्स चित्र काळंच दिसतंय? कंपायलरला हात लावण्याआधी हे तपासा

दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातून आलेली फिट्स फाइल (FITS, खगोलचित्रं साठवायचा ठरलेला प्रकार) उघडावी आणि समोर नुसती काळी चौकट यावी, फार तर दोन-चार पांढरे ठिपके. अशा वेळी बहुतेक जण प्रोग्राम काढून पुन्हा टाकतात. मीही हेच करायचो. एकदा तर रात्र जागून डीएस९ (DS9, फिट्स चित्रं दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे व्ह्यूअर) सोर्सपासून कंपाइल केलं, आणि पहाटे त्या नव्याकोऱ्या विंडोत तीच काळी चौकट! चूक स्केलची, म्हणजे पिक्सेलच्या किमती पडद्यावरच्या छटांत वाटण्याची होती, मेनूतल्या दोन क्लिकची.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी स्केल, मग फाइल, मग डिस्प्ले, आणि बिल्ड (सोर्सपासून प्रोग्राम बांधणं) सगळ्यात शेवटी.

पायरी १: कर्सर फिरवा, आकडे वाचा

चित्रावरून माउस हळूहळू न्या आणि वरच्या पट्टीत पिक्सेलची किंमत बघा. काळ्या भागात १०९३, ११०७, १०९८ असे आकडे हलताना दिसले तर डेटा शाबूत आहे, तुम्हाला तो फक्त दिसत नाहीये.

का दिसत नाही, ते साध्या भागाकारात कळतं. १६ बिटच्या चित्रात किंमत ० ते ६५,५३५ असते आणि पडद्यावर राखाडीच्या छटा २५६. किमान ते कमाल अशी सरळ वाटणी केली की एका छटेच्या वाट्याला २५६ अंक येतात. आकाशाची पार्श्वभूमी ११०० आणि तेजोमेघ तिच्याहून ८० अंकांनी उजळ असेल, तर दोघं एकाच छटेत जाऊन बसतात. तेजोमेघ गायब! त्यात एखादा हॉट पिक्सेल (कायम जास्त उजळ दिसणारा सदोष पिक्सेल) किंवा वैश्विक किरणाचा फटका कमाल किंमत वर ओढून ठेवतो.

उपाय: स्केल मेनूत झेडस्केल निवडा. ही पद्धत आयराफ (IRAF) या खगोलशास्त्राच्या जुन्या पॅकेजातून आली. ती चित्रातले काही पिक्सेल नमुन्याला घेऊन मध्यकाच्या आसपासचा पट्टा निवडते, त्यामुळे टोकाचे आकडे आपोआप बाजूला पडतात. ९९.५ टक्क्यांचा पर्यायही चालतो. दीर्घिकेचा गाभा आणि फिकट भुजा एकत्र बघायच्या असतील तर लॉग स्केल घ्या.

अजून एक गंमत. डीएस९मध्ये उजवं बटण दाबून माउस ओढला की कॉन्ट्रास्ट आणि बायस बदलतात. नवखा माणूस नकळत ओढतो आणि चित्र पांढरंफेक होतं. कलर मेनूतून कलरमॅप रीसेट केला की झालं.

पायरी २: फाइलची झडती

आकडेच वेडेवाकडे असतील किंवा चित्र उघडतच नसेल तर हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची माहिती वाचा. फिट्सचं हेडर ८० अक्षरांच्या ओळींत असतं, अशा ३६ ओळींचा २८८० बाइटचा एक ठोकळा, आणि अख्खी फाइल अशाच ठोकळ्यांची. म्हणून फाइलच्या आकाराला २८८० ने भागून बघा. बाकी उरली तर बहुधा डाउनलोड अर्धवट राहिलंय. मात्र झिप केलेल्या फाइलला हा नियम लावू नका.

हेडरमधल्या एन-अ‍ॅक्सिस (NAXIS, डेटाच्या मितींची संख्या) या नोंदीपुढे शून्य असेल तर घाबरू नका. पहिल्या भागात चित्र नाही, ते पुढच्या एक्स्टेन्शनमध्ये आहे. हबलच्या कित्येक फाइल अशाच असतात. प्रोग्रामला एक्स्टेन्शनचा क्रमांक सांगा.

ताऱ्यांच्या मधोमध काळी भोकं दिसतायत? मग बी-झीरोची (BZERO, साठवलेल्या किमतीत मिळवायचा आकडा) नोंद बघा. फिट्समध्ये १६ बिटची पूर्णांक किंमत चिन्हासकट साठवतात, त्यामुळे कॅमेऱ्याच्या आकड्यातून ३२,७६८ वजा करून ठेवतात. ४०,००० चे होतात ७२३२, आणि ११०० चे होतात उणे ३१,६६८. वाचणाऱ्यानं बी-झीरो मिळवलं नाही आणि चिन्हही सोडून दिलं, तर ११०० चे ३३,८६८ होऊन बसतात आणि तेजस्वी तारा आकाशापेक्षा काळा पडतो. हा दोष मुख्यतः घरगुती स्क्रिप्टमध्ये सापडतो. सगळं चित्र मीठ-मिरी भुरभुरल्यासारखं दिसलं तर बाइटचा क्रम उलटा वाचला जातोय. फिट्सचा क्रम बिग-एंडियन, म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी, असा असतो.

चित्र खाली-वर उलटं दिसणं हा सहसा दोष नसतो. काही प्रोग्राम पहिली ओळ तळाशी मांडतात, काही माथ्याशी. रंगीत कॅमेऱ्याचं चित्र बुद्धिबळाच्या पटासारखं दिसलं तर डीबेयर (लाल, हिरव्या, निळ्या पिक्सेलांवरून रंग जुळवणं) व्हायचं राहिलंय.

पायरी ३: विंडोच उघडत नाही

दूरच्या सर्व्हरवर काम करत असाल तर 'डिस्प्ले उघडता येत नाही' हा संदेश ओळखीचा असेल. एसएसएचनं (SSH, सर्व्हरशी जोडणारी आज्ञा) जोडणी करताना एक्स११ फॉरवर्डिंग (सर्व्हरवरच्या विंडो आपल्या पडद्यावर आणणं) चालू केलं का, ते आधी बघा. त्यासाठीच्या पर्यायात धाकटं अक्षर चालत नाही, मोठा एक्स (-X) किंवा मोठा वायच (-Y) हवा. मोठ्या एक्सनं जोडलं आणि साधारण २० मिनिटांनी नव्या विंडो उघडेनाशा झाल्या, तर ती ठरवून ठेवलेली मुदत आहे. सर्व्हर भरवशाचा असेल तर मोठा वाय वापरा. मात्र डिस्प्ले व्हेरिएबल (DISPLAY, विंडो कुठे उघडायची ते सांगणारी नोंद) स्वतः हातानं भरू नका. एसएसएच ते भरतं, आणि लॉगिनच्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी जुनी किंमत लिहून ठेवली असेल तर तीच आड येते.

मॅकवर एक्स११ची आवृत्ती वापरायची तर एक्सक्वार्ट्झ (XQuartz, मॅकवर एक्स११ चालवणारा प्रोग्राम) लागतं, आणि ते टाकल्यावर एकदा लॉगआउट करावं लागतं. ही ओळ न वाचल्यामुळे लोकांच्या संध्याकाळी गेल्यात.

फार जुने व्ह्यूअर ८ बिटचा डिस्प्ले गृहीत धरतात आणि आजच्या २४ बिट पडद्यावर चालूच होत नाहीत. त्यांच्यासाठी ८ बिटचा वेगळा व्हीएनसी (VNC, आभासी पडदा देणारी सोय) डिस्प्ले उघडता येतो. माझं मत विचाराल तर तो खटाटोप सोडा, नवा व्ह्यूअर घ्या.

पायरी ४: बिल्ड करावंच लागलं तर

तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेला प्रोग्राम) चालवताना 'अशी फाइल नाही' असं उत्तर येतं, आणि फाइल तर समोर दिसतेय? बायनरी ३२ बिटची असावी. सापडत नाही तो तिचा लोडर (तिला मेमरीत चढवणारा प्रोग्राम), फाइल नव्हे. ६४ बिटची बायनरी मिळाली तर बिल्ड टळलं.

नाहीतर कंपाइल करा, पण एररची यादी तळापासून वाचू नका. वर जाऊन पहिली एरर शोधा, खालच्या पन्नास बहुधा तिचीच पिल्लं असतात. हेडर फाइल (फंक्शनांच्या घोषणांची फाइल, फिट्सचं हेडर नव्हे) सापडत नसेल तर लायब्ररी असूनही तिचं डेव्हलपमेंट पॅकेज टाकलेलं नसतं. डेबियनवर अशा पॅकेजच्या नावाच्या शेवटी डेव्ह असतं, फेडोरावर डेव्हल. कॉन्फिगर (बिल्डआधी सगळं तपासणारी स्क्रिप्ट) मध्येच थांबलं तर त्याच्या लॉगमध्ये नेमकं कारण मिळतं.

जुना सी कोड कालपर्यंत चालत होता आणि आज अडतोय, तर कंपायलरची आवृत्ती बघा. जीसीसी (GCC, सी कंपायलर) १० पासून एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलींत आलं की लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) 'एकाहून जास्त व्याख्या' म्हणून अडवतो. एफ-कॉमन (-fcommon) हा पर्याय दिला की जुनी वागणूक परत येते. जीसीसी १४ पासून घोषणा न करता फंक्शन वापरणं ही वॉर्निंग राहिली नाही, थेट एरर झाली. ती दाबून टाकायचा मोह आवरा. असं फंक्शन पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत देत असेल तर कंपायलर त्याला इंट (३२ बिटचा पूर्णांक) समजतो, ६४ बिटचा पत्ता अर्धा कापला जातो आणि चित्र उघडताक्षणी प्रोग्राम कोसळतो. योग्य हेडर जोडणं हाच खरा इलाज.

पर्याय बदलल्यावर मेक क्लीन (make clean, जुनी बांधणी पुसणारी आज्ञा) करून सगळं नव्यानं बांधा, जुन्या ऑब्जेक्ट फाइल तशाच राहिल्या तर बदल लागूच होत नाही. मग तुमची फाइल उघडण्याआधी नासाच्या फिट्स सपोर्ट ऑफिसनं ठेवलेल्या नमुना फाइलींपैकी एखादी उघडा, आणि कर्सर फिरवून आकडे बघा.