परदेशी निधीचा एचआयव्ही प्रकल्प मराठवाड्यात चालवताना: माणसे, पैसा आणि ऊसतोडीचा हंगाम

माणसे नेमण्याआधी दोन कॅलेंडरे शेजारी ठेवा. अमेरिकी निधीचे वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होते आणि 30 सप्टेंबरला संपते. बीड, धारूर, वडवणी, केज, पाटोदा या पट्ट्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. निधीची पहिली तिमाही आणि गावे रिकामी होण्याचा काळ असा एकच येतो. मंजुरीपत्र हातात पडल्यावर जाहिरात काढली, तर कार्यकर्ता डिसेंबरात रुजू होतो आणि ज्यांच्यासाठी त्याला नेमले ते तोवर सांगली-कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या फडावर असतात. म्हणून पोळ्याआधी मुलाखती उरका आणि घटस्थापनेपर्यंत माणूस प्रशिक्षण घेऊन गावात उभा करा. मंजुरी यायची असेल तर नेमणूक ‘निधी मिळण्याच्या अधीन’ असल्याचे पत्रात स्पष्ट लिहा.

कोणाला घ्यायचे

आऊटरीच वर्कर (गावोगावी जाऊन लोकांना भेटणारा कार्यकर्ता) त्याच तालुक्यातला असावा, मात्र तो ज्या गावात राहतो ते गाव त्याच्याकडे देऊ नका. तालुक्यातला माणूस बोली, बाजाराचा वार, एसटीच्या वेळा जाणतो. स्वतःच्या गावात मात्र त्याला पाहून दारे बंद होतात, कारण तो कुणाच्या घरी बसला हे संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. ऊसतोडीला जोडपे जाते, तेव्हा प्रत्येक गटाला एक बाई आणि एक पुरुष कार्यकर्ता ठेवा. पीअर एज्युकेटरसाठी (त्याच समाजगटातून निवडलेला माहिती देणारा सोबती) राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातील हस्तक्षेप प्रकल्पांचे साठ व्यक्तींमागे एक हे प्रमाण धरा. वाड्या-तांडे विखुरलेले असतील तर साठही जास्त होतात.

संसर्गासह जगणाऱ्यांना कामावर जरूर घ्या, पण ‘एचआयव्हीबाधित उमेदवारांना प्राधान्य’ असे जाहिरातीत छापू नका. नुसता अर्ज केल्यानेच माणूस उघडा पडतो. ‘या क्षेत्रात समाजासोबत काम केल्याचा अनुभव’ एवढे पुरते. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 2017 नुसार नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही.

हिशेब आणि आकडेवारी एकाच माणसाकडे देऊ नका. सप्टेंबरात देणगीदाराचे वर्ष बंद होते, मार्चात आपले, आणि दोन्ही वेळा अहवाल रखडतो. प्रवासखर्च महिन्याच्या 1 तारखेला आगाऊ द्या, 25 तारखेला पावत्या घ्या. पदरमोड करून पेट्रोल भरायला लावले की लांबच्या तांड्याच्या भेटी कागदावरच होऊ लागतात, आणि तो दोष कार्यकर्त्याचा नसतो.

पैशाचे नियम

एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा; त्याच्या 2020 च्या दुरुस्तीने तीन गोष्टी बदलल्या. परदेशी निधी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. वर्षात आलेल्या निधीपैकी प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. 60 लाख आले तर 12 लाख. आणि हा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. तालुक्यातल्या छोट्या मंडळाला ‘उपअनुदान’ देण्याची जुनी रीत त्यामुळे बंद झाली. त्यांची माणसे हवीत तर आपल्याच हजेरीपटावर घ्या.

20 टक्क्यांत लोक अडकतात ते पदनामांमुळे. व्यवस्थापनासाठी नेमलेल्यांचा पगार, कार्यालयाचे भाडे, वीज, वाहनखर्च, लेखापरीक्षण हे प्रशासकीय. रुग्णांशी थेट काम करणाऱ्या समुपदेशकाला मात्र ‘समन्वयक’ म्हणून नेमले, तर त्याच्या पगारावरही लेखापरीक्षक बोट ठेवतो. नेमणूकपत्रातच कामाचे स्वरूप लिहा. दोन्हीकडे वेळ देणाऱ्याची तासनोंद रोज भरून घ्या. महिनाअखेरीस एका बैठकीत भरलेली नोंद टिकत नाही. परदेशी निधीचे वार्षिक विवरणपत्र, एफसी-4, 31 डिसेंबरपर्यंत जाते.

रुग्णाची नोंद आणि हंगाम

टीएलडीची (तीन एचआयव्हीविरोधी औषधे एकत्र असलेली) गोळी रोज एक. स्थिर रुग्णाला तीन महिन्यांची औषधे मिळू शकतात, पण फडावरचा मुक्काम पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे दुसरा साठा तिकडूनच घ्यावा लागतो. निघण्याआधी प्रत्येकाच्या पानावर एवढे असावे: सांकेतिक क्रमांक, एआरटी (एचआयव्हीविरोधी उपचार) क्रमांक, कारखान्याचे नाव, तिथले जवळचे एआरटी किंवा लिंक एआरटी केंद्र (मुख्य केंद्राला जोडलेले औषधवाटपाचे केंद्र), हातातल्या गोळ्या, संपण्याची तारीख. अंबाजोगाई असो की घाटी (छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय), मूळ केंद्राने त्या केंद्राशी आधी बोलून ठेवलेले असावे. मुकादमाचा नंबर संपर्कासाठी कधीच घेऊ नका. उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) त्याच्या हातात असते. त्याला कळले तर पुढच्या हंगामाला कोयता, म्हणजे त्या जोडप्याचे काम, कापला जातो.

खोपीत डबी खुळखुळते म्हणून बाया गोळ्या फडक्यात बांधून ठेवतात. ओल लागून गोळ्या खराब होतात. डबीत वर कापूस भरायला सांगा, आवाज बंद होतो.

उपचार सुटल्याची मोजणीही दोन ठिकाणी दोन तऱ्हेची असते. अमेरिकी निधीच्या अहवालात ठरलेल्या तारखेपासून 28 दिवस उलटले की खंड धरतात. शासकीय नोंदीत ‘लॉस्ट टू फॉलोअप’साठी तीन महिने धरण्याची रीत आहे. आकडे जुळत नाहीत म्हणून कुणावर खोटेपणाचा आळ घेण्याआधी व्याख्या तपासा. कार्यकर्त्याने मात्र सातव्या दिवशी फोन करावा.

नावांची यादी, केसपेपरचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकण्यास लेखी बंदी करा. माहिती उघड करायला त्या व्यक्तीची संमती लागते, हे पहिल्याच दिवशी शिकवा.

निधी थांबला तर

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि पुणे, कल्याण, हैदराबादची तृतीयपंथीयांसाठीची ‘मित्र’ क्लिनिके बंद पडली. हे गृहीत धरूनच रचना करा. औषधाचे वेगळे खिडकी-वाटप उभारू नका. प्रत्येक रुग्ण शासकीय एआरटी केंद्राच्या पटावर हवा. करारात किमान एका महिन्याच्या नोटिशीचे कलम घाला आणि तेवढा पगार संस्थेच्या देशी निधीत बाजूला ठेवा. नोंदवहीची अद्ययावत प्रत दर तिमाहीला केंद्राच्या समुपदेशकाकडे सही घेऊन द्या.

कार्यकर्त्यांचे फोन आणि सिम संस्थेच्या नावावर घ्या. फडावरच्या माणसाकडे तोच एक नंबर असतो; प्रकल्प संपल्यावरही हंगाम पुरा होईपर्यंत त्याचा रिचार्ज चालू ठेवा आणि तो उचलायला एक माणूस नेमा.