पंखा लावून घरातल्या फटी शोधताय? या चुका टाळा

एसी चालू असूनही खोली थंड राहत नाही, खिडक्या लावलेल्या असूनही टेबलावर रोज धूळ बसते, तेव्हा घरात कुठेतरी फटी असण्याची शक्यता असते. त्या शोधायची घरगुती रीत सोपी आहे. एका खिडकीत पंखा बाहेर तोंड करून बसवायचा आणि बाहेर उघडणारी बाकीची दारं-खिडक्या लावून घ्यायची. पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, आतला दाब किंचित उतरतो आणि बाहेरची हवा वाट मिळेल तिथून आत शिरते. उदबत्ती घेऊन फिरलं की त्या वाटा दिसतात. एवढं असूनही बरेच जण "आमच्याकडे काही सापडलं नाही" म्हणून हा नाद सोडतात, कारण आत-बाहेर दाबाचा फरकच तयार झालेला नसतो आणि ते तपासायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

गॅस चालू ठेवून पंखा लावणं

ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून ती आधी सांगतो. गॅस गिझर, शेगडी, फायरप्लेस, ज्योतीवर चालणारी प्रत्येक गोष्ट चाचणीआधी बंद करा. आतला दाब उतरला की धुराड्यातून बाहेर जाणारा वायू उलटा घरात ओढला जाऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. गिझरला सतत पेटती छोटी ज्योत असेल तर तीही विझवा आणि तिचा गॅस बंद करा. चाचणी संपल्यावर पंखा थांबवा, खिडक्या उघडून हवा खेळू द्या, मगच गॅस पेटवा. फायरप्लेसमधली राख आधी काढून टाका, नाहीतर ती खोलीभर उडेल.

पंख्याच्या कडा उघड्या सोडणं

चाचणी फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. व्यावसायिक तपासणीत दारात बसवलेला मोठा पंखा आत-बाहेर दाबात ५० पास्कलचा फरक निर्माण करतो (पास्कल हे दाबाचं एकक). ५० पास्कल म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर पाण्याच्या थराएवढा दाब. घरगुती पंख्याला तेवढंही जमत नाही, तो थोड्या पास्कलवरच दमतो. त्यामुळे मिळालेला दाब जराही वाया घालवून चालत नाही.

पहिल्या वेळी मी खिडकीत पंखा उभा केला, भोवतीची जागा पडद्याने झाकली आणि अर्धा तास घरभर फिरलो. धूर कुठेच ठरेना. शेवटी सहज उदबत्ती पंख्याच्या चौकटीजवळ नेली तर धुराची रेघ पडद्याच्या कडेने सरळ माझ्या अंगावर आली. पंख्याने बाहेर फेकलेली हवा त्याच्याच बाजूने परत आत येत होती. मग जुन्या खोक्याचा पुठ्ठा खिडकीच्या मापाने कापला, मधे पंख्याच्या तोंडाएवढी जागा ठेवली आणि कडा चिकटपट्टीने बंद केल्या. पाच मिनिटांत बाल्कनीच्या दाराखालून पावलांना हवा लागायला लागली.

चौकोनी पंखा असेल तर त्याचे चार कोपरेही पुठ्ठ्याने झाका. पाती गोल फिरतात, कोपऱ्यांतून हवा उलटी येते. पात्यांसमोर मात्र काहीही आडवं येऊ देऊ नका, मोटर तापते.

दाब तयार झाला का, हे पाहायला दुसऱ्या एखाद्या खिडकीचं तावदान चार बोटं उघडा आणि त्या फटीवर पातळ प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी सैलसर चिकटवा. पंखा लावल्यावर तो आतल्या बाजूला फुगायला हवा. फुगला नाही, तर उदबत्ती पेटवायची घाई नको. आधी पंख्याच्या कडा पुन्हा बघा.

वाऱ्याच्या दिवशी चाचणी घेणं

सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा, म्हणजे झाडाची लहान डहाळी हलवणारा, भिंतीवर साधारण १५ पास्कल दाब टाकू शकतो. आपल्या पंख्यापेक्षा तो सहज वरचढ ठरतो. पानही हलत नाही अशी वेळ निवडा. छताचे पंखे आणि एसी बंद ठेवा. आतली सगळी दारं उघडी हवीत, नाहीतर बंद खोलीपर्यंत दाब पोचतच नाही.

आतल्या दारांचा आणखी एक उपयोग आहे, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. पंखा चालू असताना एकेका खोलीचं दार लोटून बोटभर फट ठेवा आणि त्या फटीत हात धरा. ज्या खोलीतून जोराची झुळूक येते, तिथे बाहेरून हवा जास्त शिरते आहे. उदबत्ती घेऊन तिथूनच सुरुवात करा.

धूर फटीत ओढला जाईल म्हणून वाट पाहणं

पंखा बाहेर फेकत असतो तेव्हा फटीतून हवा आत येते. म्हणजे धूर फटीपासून दूर, तुमच्याकडे ढकलला जातो. उदबत्ती फटीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरा, हात स्थिर ठेवा, श्वास दुसरीकडे सोडा आणि धुराची सरळ रेघ कुठे मोडते ते बघा. पडद्याजवळ उदबत्तीऐवजी टिश्यू पेपरची बारीक पट्टी वापरा. ओला हातही चालतो, आत येणारी हवा त्यावर लगेच गार लागते. स्विचबोर्डजवळ मात्र ओला हात अजिबात नेऊ नका.

जमलं तर पंखा उलटा करून दुसरी फेरी घ्या. बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनची झडप बाहेरची हवा आत येताना घट्ट मिटते आणि आतली बाहेर जाताना उघडते, त्यामुळे एकाच दिशेच्या चाचणीत ती चकवते. उलट्या फेरीत धूर फटीत ओढला जातो आणि बघायलाही सोपा पडतो.

फक्त खिडक्याच तपासणं

एसीचा पाइप भिंतीतून जातो ते भोक, सिंकखाली सांडपाण्याचा पाइप भिंतीत शिरतो ती जागा, माळा, फॉल्स सीलिंगमधले दिवे, चौकट आणि भिंत यांमधला सांधा, हे सगळं बघा. स्विचबोर्डातून हवा येत असेल तर तिचं मूळ बहुतेकदा दुसरीकडे असतं, वायरिंगची नळी जिथे बाहेर किंवा माळ्यावर उघडते तिथे. बंद करायचं ते तिकडचं तोंड. आणि नाहणीच्या जाळीतून वासासकट हवा आली, तर बहुधा खालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या पाइपातलं, पाणी आटलेलं असतं. तांब्याभर पाणी ओता.

बारीक भेगांनी सुरुवात करणं

९० सेंटिमीटर रुंद दाराखाली ६ मिलिमीटरची फट असेल तर ती ५४ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे दारात सव्वाआठ सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक पाडल्यासारखंच! ते तसंच ठेवून केसाएवढ्या भेगा सिलिकॉनने भरत बसण्यात दिवस जातो आणि फरक पडत नाही. आधी दाराखालची पट्टी आणि पाइपांची भोकं, मग बाकीचं. हलणाऱ्या भागांना रबरी किंवा ब्रशची पट्टी लावा, न हलणाऱ्या सांध्यांना सीलंट, म्हणजे फट भरायची लुगदी. ज्या सांध्यावर रंग द्यायचा आहे तिथे अॅक्रिलिक सीलंट घ्या, साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही.

बंद करू नये ते बंद करणं

सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळाला बाहेरच्या बाजूने छोटी भोकं असतात. तिथून हवा येते हे खरं, पण ती पावसाचं पाणी जायला ठेवलेली आहेत. बुजवली तर रुळात पाणी तुंबून घरात उतरेल. गॅसची उपकरणं असलेल्या खोलीतली हवेसाठी सोडलेली जाळी कधीही बुजवू नका, चाचणीपुरती झाकली असेल तर चिकटपट्टी आठवणीने काढा.

सीलंट पुरतं वाळल्यावर त्याच खिडकीत, त्याच पुठ्ठ्यासह पंखा पुन्हा लावा आणि तशाच शांत वेळी आणखी एक फेरी मारा. मोठ्या वाटा बंद झाल्यावर तोच पंखा जास्त दाब देतो, त्यामुळे आधी न दिसलेल्या दोन-चार फटी या फेरीत सापडतात.