तीन ‘मी’ लिहायला बसण्याआधी

अमळनेर तालुक्यातल्या एका कापूसवाल्या घराची गोष्ट मी तिघांच्या तोंडून लिहिली: आजी, भुसावळला रेल्वेत असलेला तिचा मुलगा आणि पुण्याची सून. खर्डा चाळीसगावच्या मावसबहिणीला दिला. तिचा फोन, ‘‘का गं, तुझी आजी यार्डात शंटिंग कधीपासून करायला लागली?’’ ते प्रकरण मुलाचं होतं. आता पुढची तयारी झाल्याशिवाय मी वही उघडत नाही.

आधी माणसं मोजा. एखादा ‘मी’ काढूनही गोष्ट तशीच उभी राहत असेल, तर तो नकोच. मग कोण कोणाला काय म्हणतं ते लिहून काढा. ‘भाऊ जेवला नाही’ म्हणणारी आई, ‘हे जेवले नाहीत’ म्हणणारी बायको. नाव घ्यावंच लागत नाही.

क्रियापदाची मदत घ्या, पण बेतानं. ‘मी गेलो’, ‘मी गेले’ यात बाई की पुरुष लगेच कळतं. ‘मी भाकर खाल्ली’ यात काहीच कळत नाही. म्हणून प्रकरणाचं पहिलं वाक्य जाण्या-येण्याचं, उठण्या-बसण्याचं असलेलं बरं.

आजी आणि सून दोघी बायका, तिथे ही युक्ती लंगडी पडते. तिथे कोण काय समजावून सांगतं ते बघायचं. श्रावणात खानदेशातल्या घरी कानबाई, म्हणजे नारळाच्या रूपातली देवी, बसते तो दिवस घ्या. रोट म्हणजे कानबाईचा गव्हाचा प्रसाद, हे आजी कधीच सांगणार नाही. गहू नीट निवडले नाहीत म्हणून ती धुसफुसेल. सुनेच्या डोळ्यात नारळाला घातलेली नथ भरेल, आणि रोट भाऊबंदांनीच का खायचा हा प्रश्न ती मनात घोळवत बसेल. मुलाचा जीव रजेच्या अर्जात.

अहिराणी, म्हणजे खानदेशची बोली, किती वापरायची तेही आधीच ठरवा. आजीचं सगळं निवेदन अहिराणीत घातलं तर साताऱ्याचा वाचक दोन पानांत दमेल. ‘माले’, ‘शे’, ‘नही’ एवढे शब्द तिच्यासाठी राखून ठेवा. मुलानं ते आईशी बोलतानाच वापरावेत, स्वतःच्या निवेदनात नाही.

कोणाला काय कधी कळलं, ते कॅलेंडरच्या पाठीमागे मांडा. जमिनीचा सौदा मुलाला आषाढात कळला आणि आजीला दिवाळीनंतर, तर श्रावणातल्या आजीला त्याचा सुगावाही लागता कामा नये. माझ्याकडून हीच चूक दोनदा झाली.

प्रकरणावर निवेदकाचं नाव घालायला लाजू नका. १९६७ च्या ‘मृत्युंजय’मध्ये शिवाजी सावंतांनी सहा जणांना बोलतं केलं, ते नावं देऊनच. शेवट तिथे कृष्णाकडे आहे, कारण कर्ण गेल्यावर कर्णानं कसं सांगायचं? तुमच्या गोष्टीत कोणी मरणार असेल, तर त्याच्यामागून कोण बोलणार ते आजच लिहून ठेवा.

शेवटी नावं झाकून मधलीच पानं कोणाला तरी वाचायला द्या. परवा बहिणीनं आजी ओळखली, मुलगाही ओळखला. सुनेच्या पानावर मात्र पेन्सिलीनं लिहून पाठवलंय, ‘ही कोण? तू का?’