डच शब्दाचं मूळ शोधताय? या चुका टाळा

शब्द फोडून अर्थ लागला की शोध थांबवायचा, ही सर्वांत मोठी चूक. 'हांगमात' म्हणजे टांगून झोपायची झोळी. 'हांगेन' म्हणजे लटकणं, 'मात' म्हणजे चटई. इतकं चपखल बसतं की शंकाच येत नाही. पण मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, 'हामाका'. स्पॅनिशांनी तो उचलला. फ्रेंचमध्ये 'आमाक' झाला, इंग्रजीत 'हॅमॉक'. डच लोकांनी मात्र अनोळखी आवाजात ओळखीचे शब्द ऐकले आणि त्याची चटई केली. म्हणून शेजारच्या भाषांत तोच शब्द कसा आहे, हे आधी पाहा. जर्मनमध्येही चटई सापडेल, पण ती डचमधूनच गेलेली. तो वेगळा पुरावा धरू नका.

दुसरी चूक माझ्या हातून झाली. 'पीकरेन' म्हणजे काळजीने विचार करत बसणं. 'पीक' म्हणजे टोक, म्हणून टोचत राहणारा विचार, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. प्रत्यक्षात हा शब्द इंडोनेशियातल्या वसाहतीतून आलेला: मलायमधलं 'पिकिर', त्यामागे अरबी 'फिक्र'. आपली 'फिकीर' त्याच अरबी शब्दाची, फारसीतून आलेली! हे कळलं तेव्हा फार आनंद झाला. पण इथेच पुढची चूक दबा धरून असते. साम्य दिसलं म्हणून डच शब्द मराठीतून गेला किंवा मराठी डचमधून आला, असं होत नाही. दोघांचं आजोळ एक, वाटा वेगळ्या. 'अननस'चंही तसंच. डचमध्येही तो 'आनानास'च, मूळ दक्षिण अमेरिकेतलं.

आजचंच स्पेलिंग धरून जुन्या वर्तमानपत्रांत शोधलंत तर हाती फार थोडं लागेल. 'व्हिस', म्हणजे मासा, याच्या शेवटी पूर्वी 'सीएच' ही मुकी अक्षरं असत. नेदरलँड्समध्ये 1947 च्या सुधारणेत ती अधिकृतपणे गेली. दोन्ही रूपं टाकून पाहा. उच्चारही बदलतात: 'ख्राख्त', म्हणजे शहरातला कालवा, याचं जुनं रूप 'ख्राफ्त'. ते दिसलं की 'ख्राव्हेन', म्हणजे खणणं, याच्याशी नातं लगेच जुळतं.

आणि शब्दकोशातली नोंद कधीची आहे तेही बघा. डचचा सर्वांत मोठा ऐतिहासिक कोश 1864 ते 1998 असा भागाभागांनी निघाला. जुन्या भागांतली व्युत्पत्ती नव्या कोशाशी ताडून पाहिल्याशिवाय उतरवून घेऊ नका. 'एटिमोलोगीबांक' या संकेतस्थळावर अनेक कोशांतल्या नोंदी एकाखाली एक मिळतात, तेही फुकट. दोन नोंदी एकमेकींशी भांडत असतील, तर दोन्ही लिहून ठेवा.