परवाना मिळाला, आता हत्यार कोणतं घ्यायचं आणि हात कसा बसवायचा

माझी नोकरी पोलीस खात्यात झाली, त्यातली बरीच वर्षं शस्त्रागारात. निवृत्त झाल्यापासून कळव्यात असतो. ठाण्यातले सराफ, रोकड घेऊन फिरणारे व्यापारी परवाना हातात पडला की विचारायला येतात, "मामा, पिस्तूल घेऊ की रिव्हॉल्व्हर?"

पहिलंच हत्यार असेल तर रिव्हॉल्व्हर घ्या. ९ एमएम बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं भोक) हत्यार साध्या परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे निवड बहुधा .३२ इंच बोअरमध्येच करायची असते. कानपूरचं रिव्हॉल्व्हर मधून उघडलं की सिलिंडरमधली गोळ्यांची सहाही घरं डोळ्यांसमोर येतात. भरलंय की रिकामं, यात शंका उरत नाही. पिस्तुलात ती उरते. एका गृहस्थांनी माझ्यासमोर मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मामा, रिकामं आहे." मी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली, तर चेंबरमधली (नळीच्या मागच्या घरातली) गोळी उडून चहाच्या कपाशेजारी पडली. त्याच टेबलावर त्यांची मुलगी अभ्यास करत होती. म्हणून पिस्तूलच हवं असेल तर क्रम पाठ करा: आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड ओढा, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. दर वेळी, कुणीही "रिकामं आहे" म्हणून हातात दिलं तरी.

काडतुसं घेतानाही सांभाळा. दोन्ही .३२ असली तरी पिस्तुलाचं आणि रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं असतं. आणि फार हलक्याच्या मोहात पडू नका. अर्ध्या किलोचं हत्यार कमरेला बरं वाटतं, पण झटका हातालाच सोसावा लागतो.

होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायचं हत्याराचं म्यान, असं घ्या की ट्रिगर पूर्ण झाकला जाईल. नुसतं खिशात किंवा पँटीत खोचून कधीही नाही. घेतल्यावर आठवडाभर रिकाम्या हत्याराने घरातच वावरा. उकिडवे बसा, जिना चढा, वाकून चपला घाला. सैल होल्स्टर उकिडवं बसताना हमखास दगा देतो. हत्यार उजव्या कमरेला असेल तर शेअर रिक्षात उजव्या कडेला, दांडीच्या बाजूला बसा, म्हणजे शेजाऱ्याचा कोपर तिथे लागत नाही. गर्दीच्या वेळी ठाणे स्टेशनचा पूल टाळता आला तर टाळाच. शर्टावरून सारखा हात फिरवायची सवय मोडा, बघणाऱ्याला त्यावरूनच कळतं.

सरावाचा मोठा भाग गोळीविना होतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, हत्यार दोनदा तपासा, गोळीच्या घरात डमी राउंड, म्हणजे बिनदारूचं खोटं काडतूस, भरा. मागे माणसांची खोली नसेल अशा कोऱ्या भिंतीकडे तोंड करून पुढच्या साइटवर (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर) नजर लावा आणि ट्रिगर सावकाश शेवटपर्यंत ओढा. साइट हलली की बोट चुकलं. रोज दहा मिनिटं, महिनाभर.

खऱ्या गोळ्या फक्त अधिकृत रेंजवर, प्रशिक्षकासमोर, कानाला संरक्षण आणि डोळ्यांना चष्मा लावून. सुरुवात सात मीटरवरून करा. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडे खाली जाऊ लागल्या, की तो आवाजाच्या धास्तीने आधीच हाताला झटका देतोय असं बहुतेक वेळा निघतं. त्यावर माझा उपाय असा: चार घरांत गोळ्या, दोन घरांत डमी, आणि सिलिंडर न बघता फिरवून बंद करायचा. डमीवर घोडा पडतो, आवाज होत नाही, तरी नळी खाली डुचकते. ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की माणूस सुधारतो. मी तासभर बोलून जे होत नाही ते तिथे होतं.

भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही स्वसंरक्षणाची कलमं वकिलाकडून नीट समजून घ्या. बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायचा हक्क कायदा देत नाही. पळून जाणाऱ्यावर रागाने गोळी झाडली, तर बचाव म्हणून सांगायला काही उरत नाही. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळी झाडणं हा २०१९ च्या दुरुस्तीपासून शस्त्र कायद्यातच वेगळा गुन्हा आहे.

आपल्याकडच्या पावसाळ्यात हत्यार रात्री चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. चामडं घाम आणि ओल धरतं आणि चार दिवसांत गंज चढतो. घरी आल्यावर रिकामं करा, कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा आणि कुलपात ठेवा. काडतुसांचं कुलूप वेगळं हवं, आणि दोन्ही चाव्या एका जुडग्यात नकोत.