दसरा चौकातलं बोर्डिंग कानांनी कसं शोधावं?

शेजारच्या निवृत्त गुरुजींची नजर अधू झालीय, वाचनाची भूक मात्र तशीच आहे. त्यांना शाहू महाराजांच्या काळातल्या वसतिगृहांवर वाचायचं होतं. आमच्या कोल्हापुरात 1850 पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे, पण छापील अक्षर दिसायला तर हवं! मग लॅपटॉपवर शोधगंगा उघडली. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात, आपल्या शिवाजी विद्यापीठाचेही.

आधी पान ऐकू येईल असं करा. थोडंफार दिसत असेल तर कंट्रोल धरून प्लस दाबत राहा, अक्षर मोठं होतं. दिसतच नसेल तर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, घाला आणि सेटिंगमध्ये आवाज मराठी निवडा. अँड्रॉइड मोबाइलवर हेच काम टॉकबॅक करतं. एनव्हीडीएत ई दाबलं की शोधाची चौकट सापडते. एंटर, शब्द टाइप, पुन्हा एंटर. निकाल आले की एच दाबत मथळ्यामथळ्यावर उड्या मारा. एच दाबून चौकटीतच ‘एच’ उमटलं तर एकदा एस्केप दाबा.

खरी गोम शब्दांत आहे. नुसतं ‘शाहू’ टाकलं तर साताऱ्याचे छत्रपती शाहूही येतात आणि त्या नावाची कॉलेजंही. म्हणून ‘राजर्षी शाहू’ दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे दोन्ही शब्द जोडीनंच शोधले जातात. गुरुजींनी ‘वसतिगृह’ लिहिलं होतं. हाती फारसं लागेना. मी म्हटलं, “गुरुजी, दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगला मुस्लिम वसतिगृह कोण म्हणतंय?” 1901 सालच्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगचंही तेच. मग ‘वसतिगृह’ आणि ‘बोर्डिंग’ हे दोन्ही शब्द टाकून मध्ये ‘ऑर’ (OR) घातलं, म्हणजे दोन्हींपैकी कुठलाही शब्द असला तरी चालतो. ऑर, अँड, नॉट हे रोमन कॅपिटल अक्षरांत लिहावेत, बहुतेक डेटाबेसांना ते तसेच कळतात. मराठी प्रबंधांची शीर्षकं कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये नोंदलेली असतात, तेव्हा दोन्ही लिप्यांत शोधा.

शोधगंगेवर प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ असते. अनुक्रमणिकेची फाइल आधी ऐका, म्हणजे तीनशे पानं ऐकावी लागत नाहीत.

एक पीडीएफ मात्र उघडताच स्क्रीन रीडर भलतंच बरळू लागला. “हे काय वाचतंय रे?” गुरुजी वैतागले. मजकूर युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये होता. डोळ्यांना मराठी, यंत्राला रोमन अक्षरांचा चिवडा. स्कॅन केलेलं पान तर नुसता फोटो, त्यावर स्क्रीन रीडर गप्पच बसतो. दोन्हींवर उतारा एकच: पानाचा स्क्रीनशॉट घेऊन गूगल ड्राइव्हवर चढवा, उजवं क्लिक करून ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्राखाली मजकूर उतरलेला मिळतो. जोडाक्षरं अधूनमधून चुकतात, सालांचे आकडे तर मूळ पानाशी ताडूनच घ्यावेत. पानागणिक हा उद्योग कंटाळवाणा आहे, म्हणून हवी तेवढीच पानं करा. आम्ही चार केली. तिसऱ्या पानावर बोर्डिंगच्या जेवणाचा खर्च आला, तेव्हा गुरुजींनी हात वर करून मला थांबवलं आणि तेवढा परिच्छेद पुन्हा लावायला सांगितला.